साखरेच्या साखळीविरुद्ध अँटिबॉडी बनत का नाही?

नमस्कार. शर्करेची नुसती साखळी सशाला टोचली, तर बहुतेक वेळा हाती येतं थोडंसं आयजीएम, म्हणजे सुरुवातीला बनणारी अँटिबॉडी. त्याची पकड ढिली असते आणि बूस्टर दिला तरी प्रतिसाद फारसा चढत नाही. मदतनीस टी-पेशीला एमएचसीवर, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या धारक प्रथिनावर, पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) दिसावं लागतं, साखरेतून ते कुठून येणार? अँटिबॉडी बनवणारी बी-पेशी एकटी पडते.

ॲव्हरी आणि गोबेल यांनी 1931 मध्ये यावर तोडगा दाखवला: न्यूमोकॉकस या जिवाणूच्या टाइप 3 ची शर्करा घोड्याच्या सीरम ग्लोब्युलिनला जोडून सशांना टोचली. बी-पेशी साखर ओळखते, सगळं जोडकाम आत घेते आणि प्रथिनाचे तुकडे टी-पेशीला दाखवून मदत मिळवते. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनआफ्रिव्हॅक ही मेनिंजायटिसची लस, जी 2010 मध्ये बुर्किना फासोत मोठ्या मोहिमेत दिली गेली, तीही याच तत्त्वावर: शर्करा, आणि तिला जोडलेलं टिटॅनस टॉक्सॉइड (धनुर्वाताचं निर्विष केलेलं विष, एक प्रथिन).

जोडायचं कसं? सोपी पद्धत म्हणजे साखळीचं रिड्युसिंग टोक (जिथे ॲल्डिहाइड गट मोकळा होतो) प्रथिनाच्या लायसिन या अमिनो आम्लाला बांधणं. बोरेट बफर, पीएच 8.5, बंध पक्का करायला सोडियम सायनोबोरोहायड्राइड, 37 अंशांवर काही दिवस. ट्रिस बफर अजिबात नको, त्याचं अमाइनच ॲल्डिहाइड पळवतं. आणि सायनोबोरोहायड्राइडला आम्ल लागलं की हायड्रोजन सायनाइड सुटतो, म्हणून काम फ्यूम हूडमध्येच, म्हणजे विषारी वायू ओढून घेणाऱ्या कपाटात. यात टोकाच्या साखरेचं कडं उघडतं. साखळी दोनच साखरांची असेल तर निम्मा एपिटोप (अँटिबॉडी ओळखते तो भाग) तिथेच गेला! अशा वेळी लिंकर, म्हणजे जोडणारा छोटा दुवा, लावलेली साखळी घ्या. पण लिंकरविरुद्धही अँटिबॉडी बनतात, हे ध्यानात असू द्या.

डायलिसिसनंतर (पडद्यातून न जुळलेली साखर काढून टाकल्यावर) साखर मोजायला फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाची रंगचाचणी, रंग 490 नॅनोमीटरला मोजायचा. एन-ॲसिटिलग्लुकोसमीन ही साखर त्यात जवळपास रंगच देत नाही, तेव्हा साखळी त्याचीच असेल तर आकडा फसवा येईल.

प्राणी कोणता, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. ज्याच्या अंगात तीच साखर आहे, त्याची प्रतिकारशक्ती तिला आपलीच मानते. उदाहरणार्थ अल्फा-गॅल ही साखर सशात असतं, कोंबडीत नसतं. अशी साखर असेल तर कोंबडी निवडा. अँटिबॉडी अंड्याच्या बलकातूनही काढता येतात, रक्त घ्यायला नको.

सशासाठी, संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी हातात आल्यावरच, आधी रक्त घेऊन ठेवा. आतड्यातल्या जिवाणूंमुळे साखरेविरुद्ध नैसर्गिक अँटिबॉडी आधीपासूनच असू शकतात. मग साधारण 250 मायक्रोग्रॅम संयुग (साखर-प्रथिनाचं जोडकाम) फ्रॉइंडच्या पूर्ण ॲडजुव्हंटमध्ये, म्हणजे प्रतिसाद वाढवणाऱ्या तेलकट मिश्रणात, त्वचेखाली चार-पाच ठिकाणी थोडं थोडं. इमल्शनचा थेंब पाण्यावर पसरला तर ते जमलेलं नाही, पुन्हा घुसळा. पूर्ण ॲडजुव्हंट एकदाच. दर तीन आठवड्यांचे बूस्टर अपूर्णमध्ये. बूस्टरनंतर आठ-दहा दिवसांनी रक्त.

बहुतेकांचा घात एलायझात, म्हणजे प्लेटवर अँटिबॉडी मोजण्याच्या चाचणीत, होतो. साखर केएलएच या वाहक प्रथिनाला जोडून टोचली आणि प्लेटवरही तेच संयुग लावलं, तर उंच टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) दिसतं, पण ते केएलएचविरुद्धचं असतं. प्लेटवर बीएसए या वेगळ्या प्रथिनाला जोडलेली साखर लावा, शक्यतो वेगळ्या लिंकरने. केएलएचवर स्वतःच्या साखरा असतात, हेही विसरू नका. शेवटची कसोटी म्हणजे सीरममध्ये मोकळी साखळी वाढत्या प्रमाणात मिसळा. सिग्नल उतरला तर अँटिबॉडी साखरेलाच धरतेय.