नळ मोजला, पाणी मोजायचं राहिलं

(पांढरकवडा इथे ग्रामपंचायत सदस्य, आशाताई आणि शेतकरी यांच्यापुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय भारदस्त छापलाय, ‘पर्यावरण, सार्वजनिक आरोग्य आणि राष्ट्रीय नियोजन’. मी तो बोरवेलवरून सांगणार आहे. दिल्लीत झालेल्या नियोजनाचं बरं आणि वाईट, दोन्ही त्या एका भोकातून दिसतं.

इथल्या जुन्या माणसांना नारू आठवत असेल. पायातून काडीवर गुंडाळत गुंडाळत काढायचा तो जंत. माणूस पायऱ्यांच्या विहिरीत उतरायचा, पायावरच्या फोडातून अळ्या पाण्यात जायच्या आणि तेच पाणी सगळं गाव प्यायचं. १९८३-८४ पासून देशाने त्याच्या निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेतला. लस नव्हती, नारू मारणारं औषधही नव्हतं. पायविहिरी बंद केल्या किंवा बदलल्या, पाणी फडक्यातून गाळायला शिकवलं, हातपंप बसवले. शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. नियोजन म्हणजे नुसती कागदं रंगवणं, असं म्हणणाऱ्यांना मी हे आधी ऐकवतो.

आता दुसरी बाजू. १९७२ च्या दुष्काळानंतर यंत्रं खडक फोडत खोल जायला लागली. जंतूंच्या दृष्टीने खोलचं पाणी उघड्या विहिरीपेक्षा चांगलं, हे खरंच होतं. पण पाणी जितका जास्त काळ खडकात राहील तितकी खडकातली खनिजं त्यात उतरतात, आणि ज्या खडकात फ्लोराइड आहे तिथे तेही उतरतं. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांना हे वेगळं सांगायला नको. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५. त्याच्या वर वर्षानुवर्षं प्यायलं की आधी पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसतात, मग चाळिशीतच गुडघे धरतात, कंबर वाकत नाही. हाडांत शिरलेलं फ्लोराइड काढणारं औषध नाही.

आणि ते पाण्यात कळत नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून जात नाही. उकळलं तर उलट पाणी आटतं आणि त्याचं प्रमाण वाढतं. ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालं की आपण फोटो काढतो. पण ते कार्ड स्रोताभोवतीची स्वच्छता आणि शुद्धीकरण बघून मिळतं, फ्लोराइडबद्दल ते काही बोलत नाही. बरं, उपाय शोधायला परदेशात जावं लागलं असंही नाही. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवायची नालगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने काढली. नाव तेलंगणातल्या जिल्ह्याचं, अक्कल विदर्भातली! मघाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, “सर, फिल्टरचं मशीन तं बंदच हाय, आम्ही काय करावं?” यंत्र बसवायला निधी येतो, पण ते चालवायला माणूस, वीजबिल आणि सुटे भाग लागतात. ते कोणाच्या खात्यातून द्यायचे, तिथे गाडी अडते.

हे ‘कोणाच्या खात्यातून’ हेच माझं आजचं दुखणं आहे. पाणी जलशक्ती मंत्रालयाकडे, फवारणीचं औषध कृषीकडे, धूर पर्यावरणाकडे आणि या सगळ्याने आजारी पडलेला माणूस आरोग्याकडे. निर्णय एकाचा, आजार दुसऱ्याच्या रजिस्टरमध्ये. २०१७ चा हंगाम आठवा. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, बोंडअळीची धास्ती, दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली, उकाड्यात तोंडाला बांधलेला रुमाल घामाने आणि फवाऱ्याने ओला. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. डब्यावर विषाची खूण म्हणून लाल त्रिकोण होता, बारीक अक्षरात सूचनाही होत्या. म्हणजे कागदावर कायदा पाळलाच होता. २०१३ मध्ये नेमलेल्या समितीने ६६ कीटकनाशकांची फेरतपासणी केली, २०१८ मध्ये त्यातल्या १८ वर बंदीचा आदेश निघाला, २०२० मध्ये आणखी २७ वर बंदीचा मसुदा आला. या फायली हलतात, नाही असं नाही. पण परवाना देणाऱ्याच्या टेबलावर दवाखान्यातल्या खाटांचा आकडा रोज पडला असता, तर त्या याच गतीने हलल्या असत्या का?

हवेचं थोडक्यात सांगतो. २०१९ चा राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम शहरांसाठी आहे. यादीत चंद्रपूर शहर आहे. पण वीजकेंद्राचा धूर आणि कोळशाच्या ट्रकची धूळ महापालिकेच्या हद्दीवर थांबत नाही. वणीकडचे लोक इथे बसलेत, त्यांना विचारा.

मग गावाने काय नुसती वाट बघायची? गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बालमृत्यू इतके कमी झाले की १९९९ मध्ये ते काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई तेच करू लागल्या. तिथे योजना खालून वर गेली. तिच्यामागे बळ कशाचं होतं, तर गावात नीट ठेवलेल्या नोंदींचं. जन्म किती, मृत्यू किती, कशाने.

आपल्याकडे नोंदी आहेत, पण फाटाफूट झालेल्या. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी मोजतात, नळ किती घरी लागले ते मोजतात. गावातल्या पाच बायांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं, हेही त्यातच आहे. तिकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन पोरांचे दात बघतं. पाण्याची वही ग्रामपंचायतीत, दातांची यादी ग्रामीण रुग्णालयात. दोन्ही एका टेबलावर आल्याचं मला क्वचितच दिसलं.

तेव्हा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी जलसुरक्षकाकडून गावातल्या प्रत्येक स्रोताचा फ्लोराइडचा आणि नायट्रेटचा आकडा मागून घ्या, प्रयोगशाळेचा, तारखेसकट. मुख्याध्यापकांकडून दातांवर डाग असलेल्या पोरांची संख्या घ्या. नावं नकोत, ते कोणत्या वस्तीतले तेवढं पुरे. आशाताईंनी फवारणीच्या हंगामात चक्कर, उलटी, अंधारी आलेली माणसं वहीत वेगळी लिहावीत, कोणतं औषध होतं तेही लिहावं. हे तिन्ही कागद ग्रामसभेत वाचा आणि इतिवृत्तात चढवा. वित्त आयोगाच्या निधीतला बंधित वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो. १५ व्या आयोगाने तो ६० टक्के ठेवला होता. काकू, बंद फिल्टरच्या दुरुस्तीचा ठराव त्यातून मांडता येतो. ठरावाची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि एक तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्या, आणि दोघांकडूनही पोच घ्यायला विसरू नका.