इतकं काय आहे त्यात?

[पडदा काळा. दहा सेकंद कसलाही आवाज नाही.]

10 जून 2007, रविवारची रात्र. ‘द सोप्रानोज’ या अमेरिकन मालिकेचा 86वा, शेवटचा भाग संपत आला होता. मालिकेचा नायक, माफिया टोळीचा प्रमुख टोनी सोप्रानो एका साध्या हॉटेलात बसलाय. बायको आणि मुलगा समोर, मुलगी बाहेर गाडी लावतेय. दार उघडतं, घंटी वाजते, टोनी मान वर करतो. तेवढ्यात पडदा काळा होतो. गाणंसुद्धा मध्येच तुटतं. कित्येकांना वाटलं, ऐन वेळी केबल गेली. मग नावं वर सरकू लागली आणि लक्षात आलं की शेवट हाच होता.

त्या दहा सेकंदांवर लोक अजून भांडतात. एक बाजू म्हणते, असा शेवट करायला छाती लागते. दुसरी म्हणते, शेवट सुचला नाही आणि आपण त्यालाच कला म्हणत बसलोय. भांडण शेवटापाशी थांबतही नाही. बघता बघता ते सगळ्या मालिकेवर जातं. खरंच ती इतकी थोर होती का? की आधी कुणी तरी म्हणालं आणि बाकीच्यांनी री ओढली?

या भांडणात मी कित्येक वर्षं आहे. कधी बचाव करणाऱ्यांत, कधी शंका काढणाऱ्यांत. यात दोन वाक्यं इतक्यांदा ऐकलीत की आता ती कानावर आली तरी वाईट वाटतं. गाजलेला चित्रपट आवडला नाही म्हणालात, की ‘तुला तो कळलाच नाही.’ आवडला म्हणालात, की ‘सगळे म्हणतात म्हणून तूही म्हणतोस.’ दोन्ही वाक्यांत चित्रपट कुठे आहे? बोलणं माणसावर गेलं आणि पडद्यावरचं पडद्यावरच राहिलं.

म्हणून पडद्याकडेच जाऊ या. सुरुवात सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या नावापासून.

[कृष्णधवल चित्र. लांबट टेबल, दोन माणसं.]

‘सिटिझन केन’, 1941. दिग्दर्शक ऑर्सन वेल्स तेव्हा 25 वर्षांचा होता. वृत्तपत्राचा मालक असलेल्या केनच्या गोष्टीत खऱ्या वृत्तपत्रसम्राट हर्स्ट यांची सावली दिसत होती, त्यामुळे हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी चित्रपटाचं नावही छापायचं नाही असं ठरवलं. ऑस्करसाठी नऊ नामांकनं मिळाली, हाती आलं एकच, पटकथेचं. म्हणजे जन्मतःच कुणी याला डोक्यावर घेतलं नव्हतं. ब्रिटनचं ‘साइट अँड साउंड’ हे मासिक दर दहा वर्षांनी समीक्षकांना विचारतं, आजवरचे सर्वश्रेष्ठ चित्रपट कोणते? 1952च्या पहिल्या यादीत वर होता ‘बायसिकल थीव्ज’, जेमतेम चार वर्षांपूर्वीचा. मग 1962 पासून 2002 पर्यंत सलग पाच वेळा ‘सिटिझन केन’. चाळीस वर्षं एकच नाव.

आता विचार करा, अशा चित्रपटासमोर आज एखादं वीस वर्षांचं पोर बसतं तेव्हा ते काय बघतं? ते चाळीस वर्षांचा पहिला क्रमांक बघत असतं. प्रत्येक शॉटकडे ते हिशोब मागतं: हाच का तो? यातच का? असं बघितलं तर कुठलाही चित्रपट उघडा पडेल. तरीही हा दोष मी त्या पोराला देणार नाही. क्रमांक त्याने दिलेला नव्हता.

बचाव करणाऱ्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘त्या काळी हे नवीन होतं.’ खरं आहे. पुढचा आणि मागचा माणूस एकाच वेळी स्पष्ट दिसणारी ग्रेग टोलंड यांची छायाचित्रण पद्धत, खालून लावलेला कॅमेरा, डोक्यावर दिसणारं छत. हे सगळं पुढे इतक्यांनी उचललं की आज ते नजरेत भरतच नाही. पण हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. नवेपणा संपल्यावर काही उरत नसेल, तर चित्रपट संग्रहालयात ठेवावा, लोकांना बघायला लावू नये.

उरतं काय, ते एका प्रसंगात दाखवतो. केन आणि त्याची पहिली बायको न्याहारीला बसलेत. नवं लग्न. तो स्वतः तिला वाढतोय, दोघं एकमेकांच्या अगदी जवळ. कॅमेरा झर्रकन वळतो. तेच टेबल, काही काळानंतर. ती विचारते, रात्री इतका वेळ कार्यालयात काय करत होतास? पुन्हा वळतो. आता तिच्या काकांवर त्याच्या पेपरात टीका होतेय, आणि काका म्हणजे राष्ट्राध्यक्ष. आवाज कोरडे झालेत, कपडे बदललेत, संगीतातली तीच धून हळूहळू कडवट होत गेलीय. शेवटच्या तुकड्यात कुणीच बोलत नाही. तो आपला पेपर वाचतोय. ती मान खाली घालून वाचतेय, आणि तिच्या हातात आहे प्रतिस्पर्ध्याचा पेपर. कॅमेरा मागे सरकतो आणि टेबल किती लांब झालंय ते आपल्याला दिसतं.

अडीच मिनिटं. एक अख्खं लग्न. यासाठी 1941 सालाची सवलत द्यावी लागत नाही.

शंका काढणाऱ्यांची एक गोष्ट मात्र मला मनापासून पटते. कीर्ती नुसत्या गुणांवर उभी राहत नाही. हिचकॉक यांचा ‘व्हर्टिगो’ 1958 मध्ये आला तेव्हा त्याचं स्वागत संमिश्र होतं. नंतर तो कित्येक वर्षं बघायलाच मिळत नव्हता, कारण हक्क दिग्दर्शकाकडे होते आणि चित्रपट बाजारातून काढून घेतलेला होता. 1983 मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला. ‘साइट अँड साउंड’च्या यादीत आधी सातवा, मग चौथा, मग दुसरा, आणि 2012 मध्ये 191 मतं घेऊन पहिला. ‘केन’ला मिळाली 157. चित्रपटाची एक फ्रेमही बदलली नव्हती, बदलले होते बघणारे.

‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ची गोष्ट तर त्याहून विलक्षण. 1946 मध्ये तो तोट्यात गेला. 1974 मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करायचं राहून गेलं. टीव्ही वाहिन्यांना आयताच चित्रपट मिळाला. दर नाताळात तो लागायला लागला, सकाळी, दुपारी, रात्री, आणि एक अख्खी पिढी त्याच्यासोबत वाढली. ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ 1994 मध्ये चित्रपटगृहांत खर्चही काढू शकला नव्हता. सात ऑस्कर नामांकनं, एकही पुरस्कार नाही. व्हिडिओ कॅसेट आणि केबलवरच्या फेरप्रसारणांनी त्याला घराघरांत नेलं, आणि 2008 पासून तो आयएमडीबी या चित्रपटांच्या संकेतस्थळाच्या प्रेक्षक यादीत सगळ्यात वर आहे.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग हा सगळा योगायोगच की. थोडा आहेच. पण फुकटात दाखवायला टीव्हीकडे इतरही चित्रपट होते, आणि पुन्हा पुन्हा लागणारे तर ढीगभर. त्यातले हेच दोन लोकांनी दहाव्यांदा का बघितले, याचं उत्तर नशिबाकडे नाही.

[आकडे पडद्यावर: 100 टक्के.]

आकड्यांबद्दल थोडक्यात. समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचे टक्के म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण, असं धरून लोक हमरीतुमरीवर येतात. ते गुण नसतात. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल होतं, एवढंच तिथे मोजलेलं असतं. शंभर जणांनी ‘ठीक आहे, बघायला हरकत नाही’ म्हटलं तर शंभर टक्के. साठ जण वेडे झाले आणि चाळीस जण चिडून उठले तर साठ. मला विचाराल तर त्या साठवाल्याकडे मी आधी जाईन.

मालिकांचं भांडण वेगळं असतं, कारण तिथे गुंतवलेला वेळ वेगळा असतो. चित्रपट दोन-तीन तासांत सोडून देतो. मालिका वर्षं घेते. काल्पनिक राज्यांच्या सत्तासंघर्षाची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ 2011 ते 2019 चालली, 73 भाग, अमेरिकन टीव्हीचे 59 एमी पुरस्कार. शेवटचा सीझन पुन्हा बनवा अशी मागणी करणाऱ्या अर्जावर पंधरा लाखांहून जास्त सह्या झाल्या, आणि त्याच वर्षी त्याच सीझनला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमीही मिळाला! चाहते आणि परीक्षक एकमेकांपासून इतके लांब गेलेले क्वचितच दिसतात.

यात मी चाहत्यांच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे होते, सातवा सातचा, आठवा सहाचा. सुरुवातीला उत्तरेतून राजधानीत यायला भागच्या भाग लागत. वाटेत माणसं भेटत, भांडणं होत, कुणाचं तरी मन बदले. त्या प्रवासातच मालिका घडत होती. सातव्या सीझनमध्ये काही जण गोठलेल्या तळ्यात अडकतात. त्यांच्यातला एक जण पळत भिंतीपर्यंत जातो, तिथून कावळा निघतो, दूरच्या बेटावर निरोप पोहोचतो, राणी ड्रॅगनवर बसून येते, आणि हे सगळं एकाच भागात. मला तेव्हाच कसंसं झालं होतं. अंतराला किंमत राहिली नाही, की त्या जगातल्या कुठल्याच निर्णयाला वजन राहत नाही. शेवटचा निर्णय काय होता यापेक्षा तिथवर आपण चालत गेलो नाही, आपल्याला उचलून ठेवलं, हे माझं दुखणं आहे.

पण आता काही जण म्हणतात की पहिले चार सीझनही फसवेच होते. ते मी मान्य करत नाही. तेव्हा श्वास रोखून बघत होतो ते आपणच होतो. तो अनुभव खरा होता, आणि नंतरच्या वाईट लेखनाला तो मागे जाऊन पुसता येत नाही.

याच्या उलट ‘द वायर’. 2002 ते 2008, साठ भाग, एमीची फक्त दोन नामांकनं आणि पुरस्कार एकही नाही. प्रेक्षकही कमीच. बाल्टिमोर शहरातले पोलीस, अमली पदार्थ विकणारी पोरं, गोदी, शाळा, वृत्तपत्र. लिहिणाऱ्यांपैकी डेव्हिड सायमन आधी पत्रकार होते, एड बर्न्स पोलीस आणि मग शिक्षक. मालिका संपल्यावर तिची कीर्ती वाढत गेली, इतकी की आज नवा प्रेक्षक पहिले चार भाग बघतो आणि गोंधळतो. इतकी नावं, इतका संथपणा, आणि समजावून सांगायला कुणी नाही. त्याला आम्ही चाहते काय सांगतो? ‘थांब, पुढे मजा आहे.’ हे सांगणं मी सोडलंय. कुणाच्या चार तासांवर आपला हक्क नसतो. त्याऐवजी मी पहिल्या सीझनमधला एकच प्रसंग दाखवतो: उघड्यावरच्या सोफ्यावर बसून एक जण दोन पोरांना बुद्धिबळ शिकवतोय. राजा कसं व्हायचं, असं पोरगा विचारतो. तसं नसतं, राजा राजाच राहतो, आणि प्यादी लवकर मरतात. हे ऐकताना त्या पोरांचे चेहरे बघा. त्यानंतर पुढे बघायचं की नाही, ज्याचं त्याने ठरवावं.

आणि हो, पाचव्या सीझनमधलं बनावट खुन्याचं कथानक कमजोर आहे. चाहता असून हे म्हटलं की आपलीच माणसं रागावतात. रागावू देत.

[स्वयंपाकघर. कॅमेरा स्थिर.]

‘साइट अँड साउंड’च्या 2022च्या यादीत 1,639 जणांनी मतं दिली आणि पहिला आला दिग्दर्शिका शंताल अकरमन यांचा 1975चा ‘जान डिलमन’. दहा वर्षांपूर्वी तो पहिल्या तिसांतही नव्हता. एका स्त्रीने दिग्दर्शित केलेला चित्रपट तिथे पहिल्यांदाच पोहोचला होता. लगेच गदारोळ झाला. ‘टॅक्सी ड्रायव्हर’चे पटकथालेखक पॉल श्रेडर यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. विशेष म्हणजे चित्रपट मोठा आहे हे त्यांना मान्यच होतं. असा अचानक पहिला क्रमांक देऊन त्याचं भलं होत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते बरंचसं पटतं. आता 201 मिनिटांच्या या शांत चित्रपटासमोरही तेच वीस वर्षांचं पोर हिशोब मागत बसणार.

मी पहिल्यांदा तो चाळिसाव्या मिनिटाला बंद केला होता. एक विधवा बाई, तिचा मुलगा, तीन दिवस. ती दिवे लावते, मालवते, भांडी घासते, दुपारी घरी येणाऱ्या पुरुषांकडून पैसे घेते आणि सुपाच्या भांड्यात ठेवते. दुसऱ्यांदा बघितला तो माझ्या एका मित्राशी वाद घालायला, चित्रपट पोकळ आहे हे सिद्ध करायला. सिद्ध करायचं म्हणून नीट बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी मला दिसलं की तिचे केस थोडे विस्कटलेत. सुपाच्या भांड्यावर झाकण ठेवायचं राहिलंय. पहिल्या दिवशी हे कधी झालं नसतं, आणि ते मला कळलं, कारण पहिला दिवस मी मिनिट-मिनिट बसून काढला होता.

मित्र अजून म्हणतो, दोन तासांत झालं असतं. मी म्हणतो, नसतं झालं. मग आम्ही तोच तुकडा पुन्हा लावतो. बटाटे जास्त शिजलेत. ती पातेलं उचलते आणि घरभर घेऊन फिरते. न्हाणीघरात जाते, परत स्वयंपाकघरात येते. ते ठेवायचं कुठे हेच तिला सुचत नाही. मित्र काहीच बोलत नाही, मीही नाही. ती बटाटे फेकून देते. मग नवे घेऊन सोलायला बसते, आणि मध्येच तिचा हात थांबतो.