आधी विमान उतरू दे

[दृश्य: मुंबई विमानतळ. कुंपणाबाहेरून घेतलेलं चित्रण. एक जंबो जेट वेग घेतंय.]

22 एप्रिल 2024 ची सकाळ. एअर इंडियाचं शेवटचं बोइंग 747 मुंबईहून निघालं. रजिस्ट्रेशन व्हीटी-ईव्हीए, नाव 'आग्रा'. आत प्रवासी नव्हते. विमान विकलं गेलं होतं, अमेरिकेला चाललं होतं आणि परत येणार नव्हतं. एअर इंडियाचं पहिलं जंबो आलं 1971 मध्ये. खिडक्यांभोवती झरोके रंगवलेली ही विमानं तेव्हापासून मुंबईच्या आभाळाची ओळख होती. चाकांनी जमीन सोडली आणि वैमानिकाने आधी एक पंख झुकवला, मग दुसरा. निरोप घेतला.

हा निरोप लाखो लोकांनी मोबाईलवर पाहिला. तो टिपला गेला, कारण त्या सकाळी कॅमेरे रोखून उभी असलेली माणसं होती. विमानं बघणं, टिपणं आणि नोंदवणं हा त्यांचा छंद. त्यांना म्हणतात प्लेन स्पॉटर.

[दृश्य: जरीमरी. पत्र्याच्या छपरांवरून खाली येणारं विमान.]

वारा पश्चिमेचा असला की मुंबईत विमानं घाटकोपर, कुर्ल्यावरून खाली येत धावपट्टी 27 वर उतरतात. उडणारी विमानं विलेपार्ले आणि जुहू ओलांडून समुद्रावर जातात. जरीमरीत मान वर केली तर विमानाची चाकं आणि पोटावरचे डागसुद्धा दिसतात. तिथे राहणाऱ्यांना त्या आवाजाचं काही वाटेनासं झालंय. स्पॉटर मात्र आवाजावरून इंजिन ओळखतो.

हा छंद निसर्ग बघायला लावतो, हे बाहेरून कुणाला पटत नाही. एप्रिलच्या दुपारी धावपट्टीवरची तापलेली हवा थरथरते. कितीही महागडी लेन्स लावा, फोटो पिठूळच येतो. पहिला पाऊस पडून गेला की हवा धुतली जाते आणि विमानाच्या पोटावरचा एकेक रिव्हेट मोजता येतो. एरवी ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून स्पॉटर धावपट्टीच्या दक्षिणेला उभा राहतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मात्र दुपारचा सूर्य मुंबईच्या उत्तरेला सरकतो, मग जागा बदलावी लागते. हे वर्षानुवर्षं उन्हात उभं राहूनच कळतं.

मग फोटो निवडायचा, क्षितिज सरळ करायचं, धुळीचे ठिपके काढायचे, तारीख, ठिकाण, रजिस्ट्रेशन नोंदवायचं. विमानांचे फोटो जपणाऱ्या संग्रहांत तपासनीस असतात. क्षितिज जरासं कललेलं असलं तरी फोटो परत येतो. नोव्हेंबर 2024 मध्ये विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात विलीन झाली, त्याआधी तिच्या विमानांचा तो वांगी रंग टिपून ठेवायला अनेक जण धावले. रंग पुसला गेला की पुन्हा दिसत नाही.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर नकाशा, त्यावर सरकणारी पिवळी विमानं.]

पूर्वी विमान कुठून आलं हे कळायला वेळापत्रक, दुर्बीण आणि वही लागायची. आता बहुतेक विमानं आपली जागा, उंची आणि वेग स्वतःच सांगत असतात. 1090 मेगाहर्ट्झवर, उघड, साधारण दर सेकंदाला दोनदा. हे संदेश संगणकाच्या यूएसबीला लावायच्या एका स्वस्त टीव्ही ट्यूनरवरही पकडता येतात. जगभर हजारो हौशी लोकांनी गच्चीवर अँटेना लावलेत, आणि आपण मोबाईलवर बघतो तो नकाशा बराचसा त्यांच्या जिवावर चालतो.

इथून शिष्टाचाराचा प्रश्न सुरू होतो. माहिती उघड्यावर आहे. मग ती त्याच क्षणी सगळ्यांना सांगायची का?

एक आकडा घ्या, 7700. विमानाची ओळख पाठवणाऱ्या यंत्रावर वैमानिकाने हा कोड लावला की विमानात काहीतरी आपत्कालीन आहे एवढंच नियंत्रकाला कळतं. कुणा प्रवाशाच्या छातीत दुखत असेल, एखादं इंजिन बंद केलं असेल, किंवा आणखी काही. नकाशावर मात्र विमान लाल होतं, आणि पुढच्या मिनिटाला कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट 'विमान संकटात' असं लिहून टाकतो. त्या विमानात कुणाची तरी आई असते. मुलगा ऑफिसात बसून तो स्क्रीनशॉट बघत असतो आणि आईचा फोन लागत नसतो.

जुने स्पॉटर नव्यांना म्हणूनच एक गोष्ट सांगतात: आधी विमान उतरू दे. माझ्या मते या छंदाचं सगळं शहाणपण या चार शब्दांत आहे. फोटो काढ, नोंद कर, जपून ठेव. टाकायची घाई करू नकोस.

मोठ्या नेत्यांच्या विमानांना हे लागू आहे. खाजगी जेटच्या मालकांनाही, मग तो माणूस आपल्याला आवडो वा न आवडो. आणि सैन्याच्या विमानांना तर सगळ्यात जास्त. पुण्याचं लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. नागरी विमानं तिथे उतरतात खरी, पण धावपट्टी सैन्याची आहे. मे 2025 मध्ये भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला, तेव्हा संरक्षण मंत्रालयाने माध्यमांबरोबर सामान्य नागरिकांनाही लष्करी हालचालींचं थेट वार्तांकन करू नका असं बजावलं. 26/11 च्या थेट प्रक्षेपणाने काय घडवलं हे मुंबईला वेगळं सांगायची गरज नाही. मे 2025 च्या त्या आठवड्यात लोहगावच्या आभाळात काय दिसलं हे ज्याने पाहिलं आणि कुठेही लिहिलं नाही, त्याला मी खरा स्पॉटर मानतो.

[दृश्य: जुन्या वह्या, पेन्सिलीने लिहिलेले नोंदणी क्रमांक.]

एकाच्या वागण्याची किंमत सगळ्यांना मोजावी लागते. नोव्हेंबर 2001, ग्रीसमधला कलामाता हवाई तळ. प्रेक्षकांसाठी तळ खुला होता, तरीही 12 ब्रिटिश आणि 2 डच स्पॉटरना हेरगिरीच्या संशयावरून पकडलं गेलं. वह्यांत विमानांचे क्रमांक का लिहिता, या प्रश्नाचं 'आवड म्हणून' हे उत्तर तिथे कुणाला पटेना. महिन्याहून अधिक काळ कोठडी, 2002 च्या एप्रिलमध्ये शिक्षा, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अपिलात निर्दोष सुटका. 2010 मध्ये दिल्ली विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरलेले दोन ब्रिटिश स्पॉटर असेच अडकले होते. त्यांच्याकडे विमानांचं बोलणं ऐकायचा रेडिओ होता, आणि आपल्याकडे विनापरवाना असा रेडिओ बाळगणं हा गुन्हा आहे. आवड असली तरी कायदा माहीत हवा.

याच वह्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. जानेवारी 2004 मध्ये स्पेनच्या पाल्मा विमानतळावर एका स्पॉटरने एक बोइंग 737 टिपलं, रजिस्ट्रेशन एन313पी. त्याच्यासाठी ते रोजच्या विमानांतलं एक होतं. पुढे अमेरिकेची गुप्तचर संस्था सीआयए संशयितांना गुपचूप देशोदेशी कशी नेत होती याचा पत्रकारांनी माग काढला, तेव्हा अशा फोटोंचा आणि नोंदींचा मोठा आधार झाला. फोटो लगेच गाजला नाही म्हणून त्याचं काहीही बिघडलं नाही. तारीख खरी होती, ठिकाण खरं होतं, क्रमांक खरा होता.

[दृश्य: काळा पडदा. काही क्षण निवेदन नाही.]

12 जून 2025. अहमदाबाद. लंडनला निघालेलं एअर इंडियाचं बोइंग 787 उड्डाणानंतर काही सेकंदांत वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातल्या 242 जणांपैकी एक वाचला. जमिनीवरचे 19 जण गेले. कर्मचाऱ्यांत मुंबईचे लोक होते, डोंबिवलीचे, बदलापूरचे, पनवेलचे.

जवळच्या एका गच्चीवर एक किशोरवयीन मुलगा मोबाईलवर ते विमान टिपत होता. विमानांची आवड, बाकी काही नाही. त्याच्या हातातल्या फोनमध्ये जे उतरलं ते संध्याकाळपर्यंत जगाने पाहिलं. मग त्याच्या दारात कॅमेरे आले, आणि त्याला अटक झाली अशी अफवा उठली. त्याचा जबाब फक्त साक्षीदार म्हणून घेतलाय, हे पोलिसांना जाहीरपणे सांगावं लागलं. त्या पोराची काळजी करणारे किती होते? त्याचा व्हिडिओ हवा होता सगळ्यांना.

पुढचे काही दिवस हौशी जाणकारांनी तो व्हिडिओ चौकट-चौकट करून पाहिला. काहींनी त्यात एक बारीक घरघर ऐकली आणि सांगितलं की संकटकाळी वीज देणारं छोटं टर्बाइन पोटाखाली बाहेर आलेलं दिसतंय. ते बरोबर निघालं. प्राथमिक चौकशी अहवालात त्याचा फोटोच होता. इतकं बारीक ऐकणारे कान या छंदाने घडवलेत, याचा मला अभिमान वाटतो.

पण त्याच दिवसांत दुसरंही चाललं होतं. पंखांचे फ्लॅप्स लावायला विसरले, चाकं आत घ्यायला विसरले, चुकीचं इंजिन बंद केलं, असे निकाल लागत होते. बनावट अहवाल फिरले, यंत्राने बनवलेली खोटी चित्रं फिरली. 12 जुलैला आलेल्या प्राथमिक अहवालात एवढंच होतं की उड्डाणानंतर लगेच, एका सेकंदाच्या अंतराने, इंधनाचे दोन्ही स्विच 'बंद'वर गेले. कुणामुळे, कशामुळे, हे त्यात ठरवलेलं नव्हतं. लोकांनी मात्र ठरवून टाकलं, आणि तेही नाव घेऊन. ज्यांच्यावर आरोप होत होते ते वैमानिक उत्तर द्यायला उरले नव्हते. त्यांच्या घरातले लोक हे सगळं वाचत होते.

'दिसलं ते सांगतो, का झालं ते चौकशी सांगेल' असं म्हणायला ज्ञान कमी लागत नाही, जास्त लागतं. ज्याला विमान खरंच कळतं, त्याला एका व्हिडिओत काय दिसू शकत नाही हेही कळतं.

[दृश्य: फोटोच्या कोपऱ्यातला वॉटरमार्क.]

एक लहानशी गोष्ट, पण फार दुखणारी. दुसऱ्याचा फोटो घ्यायचा, कोपऱ्यातलं नाव कापायचं आणि आपला म्हणून टाकायचा. तीन तास उन्हात उभ्या राहिलेल्या माणसाला मोबदला म्हणून नावच मिळत असतं. विचारलं तर बहुतेक जण आनंदाने फोटो देतात. विचारा.

[दृश्य: उलवे. इमारतींच्या मागे नवी मुंबई विमानतळ.]

आता नवी मुंबई. 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालं, 25 डिसेंबरपासून उड्डाणं सुरू झाली. उलव्याच्या आणि पनवेलच्या गच्च्यांवर नवे स्पॉटर उभे राहू लागतील. या विमानतळासाठी गावं उठली, शेतं गेली. त्यामुळे कुणाच्या बांधावर तिवई लावण्याआधी घरधन्याला विचारावं, चार फोटो त्यांच्या मुलांनाही दाखवावेत, आणि सुरक्षारक्षक आला तर पळू नये, आपणहून ओळखपत्र काढावं.

मागणीही करावी. टोकियोच्या हानेदा विमानतळावर गच्चीवरून विमानं बघायची मोफत सोय आहे. ओसाकाच्या इतामी विमानतळाच्या कडेने विमानं बघण्यासाठीच लांबच लांब बाग केली आहे. नवी मुंबईत सगळं नव्याने उभं राहतंय, तर कुंपणाच्या बाहेर एक उंच चौथरा बांधायला काय हरकत आहे? नोंदणी ठेवा, ओळखपत्र तपासा, सीसीटीव्ही लावा, हवं तर तिकीट घ्या. आम्ही रांगेत उभे राहू.