सर्व्हरवर फाइलसाठी जागा राखणे: आश्वासन कोणाचं, कितपत खरं?

फाइल १०० जीबीची दिसते, म्हणून तिच्यासाठी १०० जीबी जागा राखली गेली असं धरून चालू नका. नुसता आकार वाढवला तर बहुतेक फाइल सिस्टिमवर पोकळ फाइल तयार होते, म्हणजे आकार दिसतो पण मागे जागा नसते. ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचे तुकडे) मिळतात ते प्रत्यक्ष लिहिताना, आणि तोवर डिस्क भरली असेल तर डेटाबेस ऐन कामात अडतो.

लिनक्सवर यासाठी एफअलोकेट हा सिस्टिम कॉल आहे. ईएक्सटी४ आणि एक्सएफएस या फाइल सिस्टिम एक्स्टेंट (सलग ब्लॉकांचे पट्टे) ताब्यात घेतात आणि 'अजून लिहिलेलं नाही' अशी खूण करून ठेवतात. शून्यं लिहावी लागत नाहीत, त्यामुळे मोठी जागाही चटकन मिळते, आणि वाचणाऱ्याला ब्लॉकमधला जुना डेटा दिसत नाही.

फाइल सर्व्हरवर असली की ही मागणी प्रोटोकॉलमधून जावी लागते. एनएफएस या नेटवर्कवरून फाइल वापरायच्या प्रोटोकॉलच्या आवृत्ती ३ मध्ये तशी क्रियाच नाही. ती ४.२ मध्ये, म्हणजे २०१६च्या आरएफसी ७८६२ या मानक दस्तऐवजात आली. लिनक्स क्लायंट कर्नल ३.१९ पासून ती पाठवतो. माउंट करताना (सर्व्हरवरचं फोल्डर जोडताना) ४.२ स्पष्ट मागा. आवृत्ती न सांगता सोडली तर खालची गळ्यात पडू शकते.

खरा घोटाळा पुढे आहे. प्रोग्रॅमने थेट एफअलोकेटऐवजी पॉझिक्स एफअलोकेट हे लायब्ररीतलं फंक्शन बोलावलं आणि खाली आधार नसला, तर जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) एरर देत नाही, नक्कल करते: दर ४०९६ बाइटांमागे एक बाइट लिहिते. १०० जीबीला, १०२४च्या हिशेबाने, २,६२,१४,४०० वेळा! नेटवर्कवर हे किती रेंगाळेल ते सांगायला नको. शिवाय त्याच वेळी दुसरी प्रोसेस त्या फाइलमध्ये लिहीत असेल तर तिचा डेटा शून्याने पुसला जाऊ शकतो. म्हणून थेट एफअलोकेट बोलवा, 'सपोर्ट नाही' हे उत्तर येऊ द्या आणि काय करायचं ते प्रोग्रॅमला ठरवू द्या.

झेडएफएस या फाइल सिस्टिमची गोष्ट निराळी. कॉपी-ऑन-राइटमध्ये प्रत्येक लेखन नव्या ब्लॉकवर जातं, त्यामुळे आधी राखलेला ब्लॉक पुढे उपयोगी पडत नाही. ओपनझेडएफएस (तिची मुक्त आवृत्ती) मागणीच्या ११० टक्के जागा मोकळी आहे का एवढंच पाहतं, पोकळ फाइल बनवतं आणि यश कळवतं. दुसऱ्या मिनिटाला ती जागा कोणीही खाऊ शकतं. शून्यं लिहून काम भागेल असंही नाही, कारण कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांचे ब्लॉक साठवलेच जात नाहीत. इथे हमी हवी असेल तर डेटासेटला (झेडएफएसमधल्या स्वतंत्र विभागाला) रेफरिझर्व्हेशन, म्हणजे जागा राखून ठेवणारी सेटिंग, लावा.

विंडोज क्लायंटना फाइल पुरवणाऱ्या सांबामध्ये 'स्ट्रिक्ट अलोकेट' (फाइल वाढवताच खरी जागा घेणारी सेटिंग) मुळात बंद असतं. खाली ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस असेल तर ते खुशाल चालू करा. कोटा (वापरकर्त्याला ठरवून दिलेली जागा) संपल्याची एररही क्लायंटला वेळेवर मिळते. एक्स्टेंट नसलेल्या जुन्या फाइल सिस्टिमवर मात्र ते प्रत्यक्ष शून्यं लिहीत बसतं आणि तेवढ्यात क्लायंट टाइमआउट होऊ शकतो.

तपासणी सर्व्हरवरच करा. स्टॅट कमांडने दाखवलेल्या ब्लॉकच्या संख्येला ५१२ ने गुणा आणि आकाराशी ताडून पाहा. ईएक्सटी४ वा एक्सएफएसवर फाइलफ्रॅग -व्ही ही कमांड चालवा: राखलेल्या एक्स्टेंटपुढे 'अनरिटन' (अजून न लिहिलेलं) दिसायला हवं.