पाठीवरचं बिऱ्हाड: राजे डेव्हिसची चौदा वर्षं

बेसबॉलमध्ये एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जात राहणाऱ्या खेळाडूला 'जर्नीमन' म्हणतात. बहुतेकांना वाटतं, सारखा प्रवास करतो म्हणून जर्नीमन. तसं नाही. मुळात तो दिवसाच्या मजुरीचा शब्द. जुन्या युरोपात उमेदवारी पुरी केलेला, हातात कसब असलेला, पण स्वतःचं दुकान नसलेला कारागीर रोजावर दुसऱ्याकडे राबायचा, तो जर्नीमन. आपलं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. त्यात फिरणं येतं, रोजंदारी येत नाही. आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याच्या वाट्याला दोन्ही आलं.

राजे डेव्हिस. जन्म 1980, कनेटिकट राज्यातलं नॉर्विच. आउटफिल्डर, म्हणजे मैदानात लांबवर उभ्या असणाऱ्या तिघांपैकी एक. चौदा हंगाम, आठ क्लब.

सुरुवात 2001 च्या ड्राफ्टपासून करू. आयपीएलसारखा हा लिलाव नव्हे, बोली लागत नाही. क्लब पाळीपाळीनं एकेक नवा खेळाडू निवडतात आणि फेऱ्या चालू राहतात. त्या वर्षी पहिलं नाव पुकारलं गेलं जो माउअरचं. मिनेसोटानं त्याला घेतलं, तो पंधरा हंगाम तिथेच खेळला, 2010 मध्ये 18 कोटी 40 लाख डॉलरचा करार केला आणि 2024 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. डेव्हिसचं नाव आलं अडतिसाव्या फेरीत. तोवर हजाराहून जास्त नावं पुकारून झाली होती. पिट्सबर्गनं त्याला घेतलं, आणि मग पाच वर्षं तो खालच्या लीगमध्ये होता. बसचा प्रवास, तुटपुंजा पगार, अल्टूना आणि इंडियानापोलिससारखी मैदानं. पहिला मोठा सामना मिळाला तो ऑगस्ट 2006 मध्ये, पंचविशी संपत आली तेव्हा.

एवढ्या मागून येऊन तो टिकला कशावर? पायांवर.

बेस चोरणं म्हणजे काय, ते जरा सांगतो, कारण क्रिकेटमधल्या चोरट्या धावेशी त्याचं फक्त नाव जुळतं. बेस म्हणजे धाव पुरी करायच्या वाटेवरचे टप्पे. दोन बेसमध्ये 90 फूट, म्हणजे सत्तावीस मीटरच्या थोडं वर अंतर. पिचर, म्हणजे गोलंदाज, चेंडू टाकायला लागतो, त्या क्षणी बेसवर थांबलेला धावणारा पुढच्या बेसकडे सुटतो. पिचरच्या हालचालीपासून चेंडू कॅचरकडे, म्हणजे फलंदाजामागच्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूकडे, पोचायला साधारण 1.3 सेकंद, आणि कॅचरनं तो दुसऱ्या बेसवर फेकायला साधारण 2 सेकंद. सगळा व्यवहार सव्वातीन-साडेतीन सेकंदांचा. पळण्याचा वेग तर हवाच, पण खरी मेख पिचरचा खांदा, गुडघा, टाच वाचण्यात असते. हा बेसकडे वळून फेकणार की पुढे टाकणार, हे अर्धा क्षण आधी ओळखायचं. डेव्हिसनं असे 415 बेस चोरले. 2010 मध्ये ओकलंडसाठी 50, आणि 2016 मध्ये, पस्तिशीत, 43. दोन मोठ्या लीगांपैकी त्याच्या, म्हणजे अमेरिकन लीगमध्ये त्या वर्षी त्याच्याहून जास्त कुणाचेच नव्हते. पस्तिशीत पळणाऱ्याचे गुडघे काय म्हणतात, ते इथल्या काही मंडळींना मी सांगायला नको.

बॅटिंग मात्र बेताची. कारकिर्दीची सरासरी .262, म्हणजे चार खेपांत एखादा हिट, बेसवर पोचवणारा फटका. त्यामुळे त्याचा उपयोग ठरलेला: समोर डावखुरा पिचर असेल तर उजव्या हातानं खेळणारा डेव्हिस, नाहीतर शेवटच्या इनिंगमध्ये कुणाच्या तरी बदली धावायला डेव्हिस. असा माणूस प्रत्येक क्लबला थोडा थोडा हवा असतो आणि कुणालाच कायमचा नको असतो. पिट्सबर्गनं 2007 मध्ये त्याला सॅन फ्रान्सिस्कोला देऊन बदल्यात एक पिचर घेतला. सॅन फ्रान्सिस्कोनं पुढच्याच एप्रिलमध्ये सोडलं, ओकलंडनं उचललं. मग टोरोंटो, डेट्रॉइट, क्लीव्हलंड, पुन्हा ओकलंड, बॉस्टन, पुन्हा क्लीव्हलंड, न्यू यॉर्क मेट्स. करार चालू असताना सौदा झाला, तर अशा खेळाडूला कुणी विचारत नाही. फोन येतो, बॅग भरायची.

2016 मध्ये क्लीव्हलंडनं त्याला एका वर्षासाठी घेतलं, 52 लाख 50 हजार डॉलरना. आपल्याला ही रक्कम डोळे विस्फारणारी. त्या बाजारात मधल्या फळीतली. वर्ल्ड सीरिज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, सातव्या, शेवटच्या सामन्यापर्यंत गेली. 2 नोव्हेंबर, समोर शिकागो कब्ज. त्यांनी 1908 नंतर जिंकलेलं नव्हतं, क्लीव्हलंडनं 1948 नंतर. आठवी इनिंग, क्लीव्हलंड 4-6 मागे, दोन आउट (तिसऱ्याला इनिंग संपते), एक जण बेसवर. पिचर अरॉल्डिस चॅपमन, डावखुरा, ताशी 160 किलोमीटरच्या पुढे सहज टाकणारा. पण आधीच्या दोन सामन्यांत फार राबवलेला. डेव्हिसनं बॅट मुठीच्या बरीच वर धरली. आपल्याकडे लहान पोरं जड बॅट धरतात, तशी. जोर कमी, ताबा जास्त. होमरन, म्हणजे स्वतःची आणि बेसवरच्या सगळ्यांची धाव देणारा मैदानाबाहेरचा फटका, मारायची पकड ही नव्हेच. चेंडू खाली, आत आला आणि त्यानं तो डावीकडच्या 19 फुटी भिंतीवरून नेला. 6-6.

नऊ इनिंगनंतरही बरोबरी, पुढे सतरा मिनिटं पाऊस, जादाच्या दहाव्या इनिंगमध्ये कब्जच्या दोन धावा. त्याच इनिंगच्या उत्तरार्धात दोन आउट झाल्यावर बॅटिंगला पुन्हा डेव्हिस, पुन्हा हिट, 7-8. त्याच्यामागचा फलंदाज आउट झाला आणि कब्ज जिंकले. दुसरा हिट कुणाच्या फारसा लक्षात नाही. मला त्याच्याबद्दल जास्त वाटतं.

क्लब आयुष्यभर त्याच्या पायांचे पैसे मोजत राहिले, आणि लोकांना आठवतात ते हात. पण हा योगायोग म्हणता येत नाही, कारण डावखुऱ्या पिचरसमोर उभं राहणं हीच त्याची अर्धी नोकरी होती. शॉन डूलिटल नावाचा आणखी एक डावखुरा. जून 2014, डेट्रॉइट, शेवटची इनिंग, तीन धावांनी मागे, तिन्ही बेस भरलेले; डेव्हिसनं त्याला होमरन मारून सामना 5-4 नं संपवला.

पाच वर्षांनी, 22 मे 2019. डेव्हिस अडतीस वर्षांचा, पुन्हा खालच्या लीगमध्ये, सिराक्यूजच्या संघाबरोबर पेनसिल्व्हेनियात. मेट्सचा निरोप आला: आज रात्री न्यू यॉर्कला हवा आहेस. त्यानं उबर बोलावली. भाडं 243 डॉलर. मैदानावर पोचला तेव्हा सामना सुरू झालेला होता. आठव्या इनिंगमध्ये त्याला बदली फलंदाज म्हणून पाठवलं. समोर वॉशिंग्टनचा पिचर, डूलिटल. तीन धावांचा होमरन, मेट्स 6-1.