येऊरला मुक्कामी

(उपवनहून येऊरचा चढ चढणारी टीएमटीची बस)

साहित्याच्या बाबतीत ठाणं म्हटलं की मांडव आठवतो. १९६०, १९८८ आणि २०१०, तीनदा इथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. पुस्तकांचे स्टॉल, भाषणं, गर्दी... आणि रात्री जो तो लोकल पकडून आपापल्या घरी. या बसमधली मंडळी मात्र राहायला निघालीत. येऊरच्या एका बंगल्यात निवासी लेखन शिबिर आहे. प्रत्येकाच्या सॅकमध्ये टॉवेल, ओडोमॉस आणि एक अर्धवट कथा.

(व्हरांडा, सतरंज्या)

पद्धत साधी, पण जिवावर येणारी. कथेच्या झेरॉक्स आदल्या रात्रीच वाटलेल्या. सकाळी लेखकाने त्यातलं एखादं पान वाचायचं आणि मग गप्प बसायचं. बाकीचे बोलतील. खुलासे सगळ्यात शेवटी.

आत्ता पाळी आहे डोंबिवलीच्या एका शिक्षिकेची. कथेत सासूबाई वारतात. सून कुकर लावते आणि मग दीड पान खिडकीत उभी राहते.

"हे दीड पान काढा," समोरचे एक गृहस्थ म्हणतात. ते बँकेत आहेत. कर्जाचे अर्ज तपासायची सवय असावी. "कुकर लावला तिथेच कथा संपली."

बाई समासात काहीतरी लिहितात. पेन्सिल जरा जास्तच दाबली जातेय.

मुक्कामाचा उपयोग इथे होतो. एरवी शहरातल्या बैठकीत दुखावलेला माणूस 'उशीर होतोय' म्हणत स्टेशन गाठतो आणि पुढच्या वेळी फिरकतच नाही. इथे दुपारी त्याच माणसासमोर बसून पिठलं-भाकरी खायची असते, ठेचाही त्याच्याकडूनच मागून घ्यायचा असतो. राग जात नाही. त्याला भांडायला संध्याकाळ मिळते, एवढंच.

(अंधार, व्हरांड्यातला दिवा)

दिवेलागणीनंतर आवाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद आहे. पलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं रान, आणि बिबट्याचा वावर तर सगळ्यांनाच ठाऊक. मार्गदर्शकांचं सत्र चांगलं झालं, वह्या भरल्या. जेवणं आटोपली तरी झोपायला कुणी जात नाही.

बाईंनी दीड पान काढलंय, कुकर ठेवलाय. पण बदल्यात बँकवाल्यांच्या कथेतल्या पावसाच्या पहिल्या चार ओळी गेल्याच पाहिजेत, असा त्यांचा हट्ट आहे. गृहस्थ दोनवर अडलेत.