4.748 मैल : मँचेस्टरची थँक्सगिव्हिंगची रेस

(दृश्य : रिकामी मेन स्ट्रीट, अजून पुरतं उजाडलेलं नाही, ट्रकमधून केशरी कोन उतरतायत)

हे मँचेस्टर. इंग्लंडमधलं नाही हां, अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधलं, हार्टफर्ड शहराजवळचं साठेक हजार वस्तीचं गाव, आपल्या हिशोबानं तालुक्याचं ठिकाण. एकेकाळी इथं चेनी बंधूंच्या रेशमाच्या गिरण्या होत्या, आता त्याच इमारतींमधे लोक भाड्यानं राहतात. आणि आज नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथली दिवाळीच म्हणा ना. दुपारी घरोघरी टर्की (कोंबडीसारखा पण मोठा पक्षी), भोपळ्याचा पाय (खायचा पाय, भट्टीत भाजलेला गोड पदार्थ), पाहुणेरावळे. पण त्याआधी सकाळी दहाला निम्मं गाव या रस्त्यावर येऊन थांबतं, आपल्याकडं दिवाळी पहाटेला नटूनथटून येतात तसं, फक्त इथं गाणं ऐकायला नाही तर पळायला, नाहीतर पळणाऱ्यांना बघायला.

(दृश्य : टर्कीच्या वेषातले तिघं, हात चोळत)

हे असे लोक हजारोंनी येतात. 1927 ला पहिल्यांदा रेस झाली तेव्हा बारा जण पळाले होते, बारा. मधे काही वर्षं बंद पडली, 1945 ला परत सुरू झाली, आणि 2020 ला कोविडमुळं प्रत्येकानं आपापल्या गल्लीत पळून घेतलं. 

आता अंतर बघा. 4.748 मैल, म्हणजे साधारण 7.64 किलोमीटर. पाच मैल का नाही, असं मी पहिल्या वर्षी वॉलंटियर मीटिंगमधे विचारलं होतं आणि सगळे माझ्याकडं असे बघायला लागले की जणू मी देवळाचा कळस हलवा म्हणालो. चारशे मीटर वाढवले की पाच मैल होतात हो, पण ते वाढवायचेच नाहीत. मेन स्ट्रीट, चार्टर ओक, मग हायलंड, पोर्टर, ईस्ट सेंटर आणि परत मेन, हा एक फेरा, आणि या फेऱ्याचं जे काही माप येतं तीच रेस. तिसऱ्या दशांशातला एक आकडा म्हणजे दीडेक मीटर, माझी एक ढांग. मला तरी हे आवडतं. आजकाल ज्या त्या शहरात तीच पाच के (म्हणजे पाच किलोमीटर), तीच दहा के, तेच मेडल.

रस्त्यावरची रेस मोजतात कशी हे लोकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, गाडीच्या मीटरवर किंवा मोबाइलवर नाही, सायकलनं. पुढच्या चाकाला एक छोटा काउंटर बसवतात, आधी पोलादी टेपनं मोजलेल्या सरळ पट्ट्यावर तो जुळवून घेतात आणि मग वळणावर आतल्या कडेपासून एक फूटभर अंतर ठेवून, पळणारा जास्तीत जास्त जवळून जाईल त्या रेषेनं सायकल चालवतात, वर पुन्हा किलोमीटरमागं एक मीटर जादा धरतात, कारण कोर्स तसूभर कमी भरला तर रेकॉर्ड गेलं.

मोजणीची चूक काय करते ते या गावाच्या पोराला विचारायला हवं होतं. धावपटू जो मॅक्लस्की, मँचेस्टरचाच, ही रेस चार वेळा जिंकलेला. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत पंचांचा फेऱ्यांचा हिशोब चुकला आणि सगळ्यांना एक फेरी जास्त पळावी लागली, त्या जादा फेरीत हा दुसऱ्याचा तिसरा झाला. ब्रॉन्झ घेऊन आला.

(दृश्य : हायलंड स्ट्रीटचा चढ, समोरून)

हा तो चढ. इथला शॉट आम्ही जरा लांब ठेवलाय, मुद्दाम. साधारण मैलभर संपत नाही हा. वर जो पहिला पोचतो आणि जी पहिली पोचते त्यांना हिल किंग आणि हिल क्वीन म्हणतात. ॲम्बी बर्फुट, 1968 ची बोस्टन मॅरेथॉन जिंकलेला, त्यानं ही रेस नऊ वेळा जिंकली आणि नंतर वय झालं तरी दरवर्षी येऊन हाच चढ चढत राहिला.

(दृश्य : चढावर पळणाऱ्या बायका आणि मुली, बराच वेळ, निवेदन नाही)

1960 मधे ज्युलिया चेस नावाची कॉलेजची मुलगी पळायला आली, तिला बाई आहेस म्हणून घेतलं नाही. 1961 ला ती परत आली, बरोबर अजून दोघी, आणि पळाली, 33 मिनिटं 40 सेकंदांत संपवलं, काही पुरुष तिच्या मागं राहिले पण निकालात नाव नाही. बोस्टन मॅरेथॉननं बायकांना अधिकृत प्रवेश द्यायला 1972 उजाडलं. 2011 ला, पन्नास वर्षांनी, ती इथं पुन्हा पळाली.

(दृश्य : पोर्टर स्ट्रीटचा उतार, कडेला बँड, कॉफीचे कप घेतलेले शेजारी)

हा माझा कोपरा. वॉलंटियरचं काम काय तर कोन लावायचे आणि गाडीवाल्यांच्या शिव्या खायच्या. आमच्या कोपऱ्याच्या कॅप्टन आजी आहेत, त्यांना कुणी शिव्या देत नाही. दहा वाजून गेल्यावर एकजण आला, सीटवर पाय ठेवलेला (तोही खायचा), आई वाट बघतेय म्हणाला, पलीकडच्याच गल्लीत घर. आजी म्हणाल्या, गाडी इथं लाव, पाय घे आणि चालत जा. गेला बिचारा, धावणाऱ्यांच्या कडेकडेनं, दोन्ही हातांनी ताट धरून. कॅमेरा नेमका दुसरीकडं होता.

जमलेल्या पैशातून मस्क्युलर डिस्ट्रॉफीसारख्या आजारांवरच्या संशोधनाला मदत जाते.

(दृश्य : शेवटचे चालणारे, मागं पोलिसांची गाडी, मेन स्ट्रीटवर पडलेले स्वेटशर्ट)

सुरुवातीला थंडीनं घालून आलेले कपडे लोक असेच टाकून पळतात, ते आम्ही गोळा करतो. कोन उचलले, ट्रकमधे भरले, रस्ता मोकळा. तो पायवाला परत येऊन गाडी घेऊन गेला, आजींना हात केला. तेही नाही मिळालं आम्हाला, थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी गेली होती.